शितावरून

सकाळी साडेसातला टपालाची गाडी.
खोक्यात भुसा, भुशात बरणी,
बरणीत लाल.
नेवार्कच्या कारखान्यात पिंपांतून पडलेल्या
बाराशे पौंडांच्या वतीनं बोलायला आलेला
हा मूठभर साक्षीदार.

हॅलिना झारेम्बा त्याला शपथ घालत नाही.
वजन करते.
काचेच्या पेटीतला तराजू श्वासानंही हलतो,
म्हणून तेवढ्यापुरता श्वास रोखते.
सव्वीस वर्षं, दिवसातून चाळीसदा.
कुणी हिशेब मांडला तर
बाई बरेच दिवस श्वासावाचून जगली, असं निघेल.

मग पाणी. एक चिमूट, एक लिटर,
आणि वॉशिंग्टनच्या या तळघरात
खिडकी उघडावी तसा उजेड.
नवी पोरं अजून थबकतात. ती झाकण लावते.
भुलवणं हे रंगाचं काम,
न भुलण्याचा तिला सरकारी पगार.

कागदाच्या पट्टीवर थेंब चढू लागतो
आणि एकटाच आलोय म्हणणाऱ्याच्या मागून
हळूच बाहेर पडतात त्याचे सोयरे:
एक पिवळट, एक जांभळा,
एक कुणाचा कोण, नाव न सांगणारा.
इतके सोयरे कायद्याला चालतात.
याहून एक जास्त नाही.
शिसं, दहा लाखांत दहा.

आज चौदा.
पुन्हा भांडी धुतली. चौदा.
जेवायच्या सुट्टीत, सँडविच तसंच ठेवून, तिसऱ्यांदा.
साडेतेरा.

तीन वाजता नेवार्कहून फोन.
ओग्डेनसाहेबांचा आवाज सरबतासारखा:
‘मिसेस झारेम्बा, दहा लाखांत चार!
एवढं तर तुमच्या घरच्या खिडकीच्या रंगात असेल.’
‘असेल,’ ती म्हणते. ‘आणि मुलं खिडक्या चाटतात.
म्हणून तर.’
पलीकडे बराच वेळ नुसती तार.

नापासचा शिक्का लहान आहे, पासचा मोठा.
का, ते कुणालाच ठाऊक नाही.

संध्याकाळी बसमध्ये तिला आठवतो काझिक.
बाल्टिमोर, ऑक्टोबरची शेवटची रात्र,
उशीच्या अभ्र्यात दारोदारची गोळा केलेली मिठाई,
सगळी नारिंगी.
पहाटेपर्यंत तो ओकत होता,
घमेल्यात रंग जसाच्या तसा,
जणू पोटानं त्याला हातच लावला नव्हता.
‘हावरट,’ आई म्हणाली, आणि रडली.
काझिक वाचला. आता विमा विकतो,
गाजराला शिवत नाही.
नोकरीच्या दुसऱ्या वर्षी जुन्या फायली चाळताना
हॅलिनाला तो नारिंगी सापडला.
पास होता.
खाली कुणाची तरी नीटस सही,
तिच्या सहीसारखीच, घाई नसलेली.
तेव्हा माहीत होतं तेवढ्यापुरता पास.

ही गोष्ट तिनं ओग्डेनला कधी सांगितली नाही.
साहेबांनाही नाही.
तपासलेल्या बरण्या मागच्या खोलीत जातात,
पास, नापास शेजारी शेजारी,
अंधारात सगळ्यांचा रंग एकच.

रविवारी नातीचा वाढदिवस.
टेसा सहा वर्षांची, केकवर निळा समुद्र,
समुद्रात साखरेचा देवमासा,
आणि दहा मिनिटांत अकरा मुलांच्या तोंडी
समुद्रच समुद्र.
‘आजी, बघ!’
टेसा जीभ काढते, हनुवटीपर्यंत.
हॅलिना चष्मा चढवते.
खिडकीपाशी नेते, हनुवटी धरते, उजेडात वळवते.
हा एप्रिलमधला असावा.
किंवा त्याच्या नंतरचा.
दोन्ही तिच्याच हातून गेलेले.
‘अजून?’ टेसा विचारते, जीभ बाहेरच ठेवून,
म्हणून शब्द नीट उमटत नाही.
‘थांब,’ हॅलिना म्हणते,
‘थांब जरा.’